फुलबाग की मंडई?

कांद्याचे फूल आपण कधी पाहिले आहे काय?

घाईने 'हो' म्हणू नका. कांदा आपण पाहिला आहे, सोलला आहे, चिरताना डोळ्यांतून पाणी काढले आहे. त्याच्या भावावरून सरकारला चार शब्दही सुनावले आहेत. मी विचारतो आहे ते कांद्याच्या फुलाबद्दल. कमरेइतका उंच, आतून पोकळ, मध्ये जरासा फुगलेला हिरवागार दांडा. त्याच्या टोकाला पातळ पापुद्र्याचे टोपडे. आणि एके दिवशी ते टोपडे फाटून बाहेर आलेला, लहान मुलाच्या मुठीएवढा पांढरा गेंद. जवळ जाऊन पाहावे तर तो गेंद म्हणजे एक फूल नव्हेच. ती शेकडो इवल्या चांदण्यांची सभा असते. प्रत्येक चांदणीला सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीच्या मधोमध हिरवी रेघ, आणि पाकळ्यांच्या वर मान काढून उभे असलेले सहा पुंकेसर. या साऱ्या चांदण्या एकदम उमलत नाहीत. आज काही, उद्या काही, असा तो सोहळा दोन-तीन आठवडे चालतो, आणि तितके दिवस मधमाश्या त्या गेंदाची पाठ सोडीत नाहीत.

हे फूल घरापुढच्या बागेत, गुलाब-शेवंतीच्या पंगतीत, मानाने लावावे, एवढेच माझे म्हणणे आहे. म्हणणे लहान आहे. पण ते मांडले की चांगली चांगली माणसे हसतात. म्हणून हा लेख. फराळाचे ताट समोर असताना भांडण काढू नये, हे मलाही कळते. पण करावे काय? फुलासाठी कांदा लावण्याचा हंगाम दिवाळीबरोबरच सुरू होतो. भांडण होळीपर्यंत लांबवले तर वर्ष फुकट जायचे!

भांडणाला पहिले निमित्त झाले ते आमच्या गल्लीतल्या एका सद्गृहस्थांचे. माणूस हौशी आणि हाताचा मोकळा. गेल्या खेपेस दिवाळीच्या तोंडावर त्यांनी मोबाइलवरून कुठूनसे फुलांचे कंद मागवले. खोके आले. आत लाकडाच्या भुशात गुंडाळलेले तीन कंद आणि एक रंगीत चित्र. चित्रात कुठल्याशा विलायती हिरवळीवर जांभळे गोल उभे, एकेक गोल नारळाएवढा. गृहस्थ ते चित्र घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, असली फुले गोंदियाने बघितली नसतील." मी एक कंद हातात घेतला, नाकाशी नेला आणि सहज बोलून गेलो, "अहो, हा तर कांदा!"

त्यांचा चेहरा उतरला. "कांदा नव्हे हो. अ‍ॅलियम!"

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. कांद्याला 'कांदा' म्हटले की तो चुलीपाशी जातो आणि 'अ‍ॅलियम' म्हटले की दिवाणखान्यापुढे जातो. तीन कंदांची जी किंमत त्यांनी मोजली, तेवढ्यात गुलाबाची डझनभर रोपे आली असती. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. हौसेला मोल नसते. पण मी चूक बोललो नव्हतो. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७५३ साली वनस्पतींना जोडनावे दिली, तेव्हा कांदा आणि लसूण यांना त्याने अ‍ॅलियम या एकाच घराण्यात बसवले; लॅटिन भाषेत अ‍ॅलियम म्हणजे लसूणच. आज त्या घराण्यात आठशेहून अधिक जाती मोजल्या जातात. त्यांचे मोठे माहेर म्हणजे मध्य आशिया, अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान हा डोंगराळ मुलूख. छातीपर्यंत उंच वाढणारा अ‍ॅलियम जायगँटियम तिथला, आणि ज्याला विलायतेत 'इराणचा तारा' म्हणतात तोही तिथलाच. एकोणिसाव्या शतकात रशियन साम्राज्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्या डोंगरांतून कंद गोळा केले. सेंट पीटर्सबर्गच्या रेगेल नावाच्या शास्त्रज्ञाने तर १८७५ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. पुढे हॉलंडच्या माळ्यांनी त्यांचे संकर केले आणि ते जगभर विकले. म्हणजे आमच्या शेजाऱ्यांच्या खोक्यातून जे आले ते नाशिकच्या कांद्याचे चुलत भावंड होते. फक्त तिकीट काढून आलेले.

त्या कंदांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. या थंड डोंगरांतल्या जातींना फुलायचे असेल तर जमिनीत असताना कित्येक आठवडे कडाक्याची थंडी लागते. आमच्याकडे पौषातही रात्रीचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि दिवसा पुन्हा घाम आणतो. दोन कंदांनी चार-चार पाने काढली. तिसऱ्याने तेवढीही तसदी घेतली नाही. चैत्राचे ऊन लागताच पाने पिवळी पडली आणि पावसाळ्यात कंद मातीतच कुजले. यात कंदांचा दोष नाही. ती फुले सुंदर आहेत, यातही मला शंका नाही. ज्या मातीत आणि ज्या हवेत ती शोभतात तिथे ती अवश्य लावावीत. काश्मीरात श्रीनगरला २००७ साली ट्यूलिपची मोठी बाग उघडली; तिथली थंडी ट्यूलिपला मानवते, म्हणून ती बाग फुलते. पण मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तिथे हिमालयापलीकडचा पाहुणा बोलावून आणायचा, त्याला मरू द्यायचे, आणि घरचा कांदा परसदारी फुलून वाळून गेला तरी त्याच्याकडे वळूनही बघायचे नाही, याला रसिकता म्हणायची की आणखी काही?

तरीही शेजाऱ्यांच्या तीन कंदांसाठी मी लेखणी उचलली नसती. ती उचलायला लावली एका शाळेतल्या प्रसंगाने.

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. धानाचा आणि तळ्यांचा हा मुलूख. पूर्वापार याला झाडीपट्टी म्हणतात. इथल्या एका शाळेत मी काही वर्षांपूर्वी शिकवीत होतो. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही. दिवाळीच्या सुटीनंतर मुलांना सांगितले होते, शाळेपुढे फुलबाग करायची आहे, प्रत्येकाने घरून एकेक फुलझाड आणावे. कोणी गुलाब आणला, कोणी शेवंती, कोणी डेलियाची कुंडी. पाचवीतल्या एका पोरीने पळसाच्या पानात गुंडाळून तीन कांदे आणले. कोंब फुटलेले. वर्ग हसला. ती हसली नाही. म्हणाली, "गुर्जी, याले पांढरं फूल येते." तिचे आईबाप दुसऱ्याच्या धानावर रोवणीला जाणारे, धान निघाल्यावर घरामागच्या बाडीत चार वाफे कांदा, वांगी, मिरची लावणारे. गुलाबाचे रोप विकत आणावे अशी त्या घरची स्थिती नव्हती. पण त्या पोरीने नाइलाज म्हणून कांदे आणले नव्हते. तिने ते फूल पाहिले होते, आणि ते तिला आवडले होते. तेवढे तिच्या डोळ्यांत मला दिसले. मी ते तिन्ही कांदे पहिल्या ओळीत, झेंड्याच्या खांबाजवळ लावले.

प्रजासत्ताकदिनाला दांडे वर आले होते. फेब्रुवारीत ते उमलले. डेलिया तोवर थकत चालला होता, आणि हे तीन पांढरे गेंद सकाळच्या उन्हात सगळ्या बागेवर डोके काढून उभे. मुले प्रार्थनेच्या वेळी रांगेतून मान वळवून त्यांच्याकडे बघत. ज्यांनी हसून घेतले होते तीच आता मधमाश्या मोजीत होती.

त्याच सुमारास तपासणीसाठी एक पाहुणे आले. ते आमच्या भागातले नव्हते. बागेपुढे थांबून त्यांनी कांद्याकडे बोट दाखवले आणि मोठ्याने विचारले, "ही फुलबाग आहे की मंडई?" सगळे हसले. मोठी माणसे हसली, म्हणून मुलेही हसली. संध्याकाळपर्यंत कोणीतरी तिन्ही कांदे मुळासकट उपटून कुंपणापाशी टाकले होते.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. पुण्या-मुंबईकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. आमच्या झाडीपट्टीत तसे नाही. इकडे मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारा उत्सव. लेकीसुना, पाहुणेरावळे गावात येतात, दिवसा दंडार होते, रात्री नाटक रंगते आणि उभा गाव जागा राहतो. त्यामुळे पाहुण्यांनी शिवी म्हणून जो शब्द वापरला, तो त्या मुलांच्या कानांना वर्षाच्या सगळ्यात आनंदाच्या दिवसाचा शब्द होता. मुले हसली, त्यांतली निम्मी कदाचित त्या आनंदाने हसली असतील. पण ती पोर हसली नाही. तिने कुंपणापासचे दांडे उचलले, मला मागून एक रिकामी बाटली घेतली, तीत पाणी घालून ते माझ्या टेबलावर ठेवले. कापलेल्या दांड्यावरही कांद्याचे फूल पुष्कळ दिवस टिकते. चार-पाच दिवस रोज नव्या चांदण्या उमलत राहिल्या आणि खिडकीतून माश्या आत येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारले, "गुर्जी, थे फूल नसते का जी?"

मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. पण कादंबऱ्या लिहितो, शब्दांवर जगतो. त्या वेळी मला एकही शब्द सुचला नाही. पाहुण्यांपुढे मी गप्प बसलो होतो, आणि त्या पोरीपुढेही "असते गं" एवढेच पुटपुटलो. जे तेव्हा बोलायला हवे होते, ते आज लिहितो आहे. उशीर झाला आहे हे मान्य. पण त्या हसण्यामागे जी समजूत होती, ती अजून जिवंत आहे. तिचे म्हणणे असे की, जे पोटात जाते ते डोळ्यांसाठी नाही. जे घरच्या मातीत, कमी पैशांत उगवते ते दारापुढे लावण्याजोगे नाही. ही समजूत आपण मुलांना न बोलता शिकवतो, आणि ज्या मुलाच्या घरी गुलाब नसतो, त्याला तिचा अर्थ लगेच कळतो: आपल्या घरचे काहीही पुढल्या दाराला चालत नाही.

आता समोरच्या पक्षाचे म्हणणे ऐकू.

पहिला आक्षेप वासाचा. कांदा म्हटले की नाकाला पदर लागतो. पण वाचकहो, कांद्याचा तो झणका कांद्यात तयार भरून ठेवलेला नसतो. पात किंवा कंद चिरला, चेचला म्हणजे त्यातली गंधकयुक्त द्रव्ये आणि एक विकर एकत्र येतात आणि मग तो झणका उठतो. ज्याला कोणी हात लावीत नाही, असा वाफ्यात उभा असलेला कांदा कोणाच्या नाकात शिरत नाही. आणि दारापुढे झेंडू लावणाऱ्यांनी तर वासाची तक्रार करूच नये. झेंडूचे पान एकदा चुरगळून पाहा!

दुसरा आक्षेप असा की, कांदा ही खायची वस्तू. तिला फूल कसे म्हणावे? हा आक्षेप निदान आमच्या जिल्ह्यात तरी कोणी काढू नये. चैत्राच्या पहाटे टोपल्या घेऊन रानात जाणाऱ्या बायकांना विचारा, मोह म्हणजे काय? तो फूल आहे, अन्न आहे, औषध आहे, विक्रीचा माल आहे, आणि गोंडांच्या घरी तो देवाच्या कार्यातही आहे. तो पोटात जातो, म्हणून त्याचे फूलपण कोणी काढून घेतले नाही. आमच्या तळ्यातले कमळ लक्ष्मीच्या हातात शोभते, आणि त्याचेच कंद भाजीत शिजतात. हादग्याच्या फुलांची भाजी होते, भोपळ्याच्या फुलांची भजी होतात, केळफुलाशिवाय कित्येकांचा श्रावण जात नाही. आपल्या आज्यांनी पोट आणि डोळे यांच्यामध्ये कधी भिंत घातली नव्हती.

आणि परदेशातही ही भिंत फार पक्की नव्हती. युरोपात ट्यूलिपचे कंद नवे होते तेव्हाची, १५६२ सालची, एक हकीकत क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवली आहे. अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याकडे कॉन्स्टँटिनोपलहून कापडाबरोबर काही कंद आले. त्याने ते कांदेच समजून काही भाजून तेल-शिरक्याबरोबर खाल्ले आणि उरलेले कोबीच्या वाफ्यात पुरले. पुढच्या वसंतात कोबीमध्ये ट्यूलिप फुलले. ज्या हॉलंडने पुढे त्या कंदांवर आपला बाजार उभा केला, तिथे १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धातल्या उपासमारीत, लोकांनी तेच ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. भूक आणि शोभा यांची घरे इतकी शेजारी आहेत. आपल्या रोजच्या स्वयंपाकातला टोमॅटो उत्तर युरोपात बराच काळ शोभेचे झाड म्हणून वाढला, आणि आपला डेलिया, ज्याच्या कुंड्या आपण मिरवतो, त्याचे कंद त्याच्या जन्मभूमीत, मेक्सिकोत, खाल्ले जात. झेंडूही मेक्सिकोचा, निशिगंधही मेक्सिकोचा. ते आपण आपलेसे केले, हे आपले मोठेपण. पण मेक्सिकोच्या भाजीला आपण फूल म्हणतो आणि नाशिकच्या फुलाला भाजी, यात मोठेपण कुठे आले?

मग ही भिंत आली कुठून? मला वाटते, ती बंगल्याच्या कुंपणाबरोबर आली. साहेबाच्या बंगल्यापुढे हिरवळ, फ्लॉक्स आणि पिटूनिया असत. भाजीचा मळा मागे, नोकरांच्या खोल्यांजवळ. पुढची बाग साहेबाची, मागची खानसाम्याची. आमच्याकडे रेल्वे आली, कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर ही मांडणीही आली. साहेब गेला; आपण ती मांडणी जपून ठेवली. आणि मजा पाहा, साहेबाने स्वतः तो नियम कधीच मोडून टाकला. लंडनला दर मे महिन्यात चेल्सीचे प्रसिद्ध पुष्पप्रदर्शन भरते; तिथे जांभळ्या अ‍ॅलियमचे गोल मिरवत असतात. तिथली राजमान्य उद्यानविद्या संस्था चांगल्या बागझाडांना जो मान देते, त्या यादीत अनेक अ‍ॅलियम आहेत. त्यांच्या खेड्यांतल्या घरांपुढे पातीसाठी लावलेले चाइव्ह, म्हणजे कांद्याचेच एक बारीक भावंड, फुलांच्या ताटव्याची किनार म्हणून शोभते. कांद्याच्या घराण्याला त्यांनी पुढल्या दाराने आत घेतले. आपण मात्र त्यांच्या जुन्या कुंपणावर पहारा देत उभे!

तिसरा आक्षेप धर्माचा. कांदा तामसी, मनुस्मृतीने द्विजांना वर्ज्य सांगितलेला, चातुर्मासात घरात न येणारा. त्यावर मी एवढेच म्हणेन की, मी कोणालाही कांदा खायला सांगत नाही. ज्यांनी आषाढात कांदेनवमी करून कांद्याचा निरोप घेतला असेल त्यांनाही माझ्या वाफ्याची अडचण नाही. चातुर्मास कार्तिकात संपतो आणि हे फूल माघ-फाल्गुनात उमलते. देवाला वाहा, असेही मी म्हणत नाही. केवडा शंकराला चालत नाही, म्हणून कोणी केवड्याला बागेतून काढले नाही. आणि आपल्याच परंपरेत, माढे तालुक्यातल्या अरण गावी, सावता माळी नावाचे एक संत होऊन गेले. पंढरीच्या विठोबाला शोधायला मळा सोडून जायची त्यांना गरज वाटली नाही. तो त्यांना आपल्या भाजीपाल्यातच भेटला. त्यांच्या मळ्यातल्या वाफ्याला कोणी 'मंडई' म्हणून हसले असते, तर ते रागावले नसते. त्यांना हसणाऱ्याची कीवच आली असती.

चौथा आक्षेप मात्र असा आहे की, त्यापुढे मी मान खाली घालतो. तो त्या पोरीच्या बापाचा. एकदा बाजारच्या दिवशी भेटला तेव्हा म्हणाला, "का जी गुर्जी, आमच्या वाफ्यात थे दांडं निंगालं त मानूस कपाडावर हात मारते, आन् तुमी त्याले फूल म्हनता?"

खरे आहे. शेतातल्या कांद्याला असा दांडा आला की पश्चिमेकडे त्याला डेंगळा म्हणतात, आणि डेंगळा म्हणजे नुकसान. कांदा दोन हंगामांचे झाड. पहिल्या हंगामात तो कंद भरतो, आणि थंडी सोसल्यावर दुसऱ्या हंगामात फुलतो. रात्री फार गार गेल्या, रोपे वेळेआधी लागली किंवा वाण चुकला, की तो पहिल्याच हंगामात फुलायला निघतो. मग कंदाचे बळ दांड्यात जाते, कांद्याच्या पोटात कडक गाभा धरतो, तो साठवणीत टिकत नाही आणि भावात मार खातो. ज्याचे वर्ष त्या कांद्यावर अवलंबून आहे, त्याला मी डेंगळ्याचे सौंदर्य सांगायला गेलो तर तो मला वेडा म्हणेल आणि ते योग्यच होईल. शेत शेताच्या जागी, बाग बागेच्या जागी. गव्हाच्या शेतात उगवलेला गुलाबही तणच.

पण त्याला मी जे सांगितले ते इथेही सांगतो. भाऊ, तुझ्या वाफ्यातला प्रत्येक कांदा त्या फुलातूनच आला आहे. हा दांडा नाही तर बी नाही, आणि बी नाही तर कांदा नाही. पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरला कांदा आणि लसूण यांच्यासाठी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. तिथून भीमा नावाचे वाण निघाले, आणि विदर्भात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'अकोला सफेद' हा पांढरा कांदा दिला. त्या साऱ्या कामाची सुरुवात या पांढऱ्या गेंदापाशी होते. कांद्याच्या इवल्या फुलात पराग आधी सुटतो आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणून माशीने एका फुलाचे दुसऱ्या फुलाला नेऊन दिल्याशिवाय बी चांगले भरत नाही. १९२५ साली कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे हेन्री जोन्स या संशोधकाला कांद्याच्या फुलांत एक असे झाड दिसले की त्याला परागच नव्हता. इतरांना ते बिनकामाचे वाटले असते. त्याने ते जपले, आणि जगातल्या संकरित कांद्याचा पाया त्या एका झाडाने घातला. फुलाकडे नीट बघणारा माणूस नेहमीच रिकामटेकडा नसतो!

तो बाप बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बाडीच्या कोपऱ्यात दोनचार राहू देतो बा." माझ्या बाजूने झालेला तेवढाच एक ठराव.

आता ज्यांना हे पटले असेल, निदान करून पाहावेसे वाटत असेल, त्यांच्यासाठी कृती. बाजारातून सात-आठ मोठे, घट्ट, निरोगी कांदे निवडावेत. आधीच कोंब डोकावत असलेले असतील तर उत्तमच. वरचा एक तृतीयांश भाग धारदार सुरीने कापून टाकावा, म्हणजे कोंब लवकर सुटतात. बियाण्याचा कांदा लावणारे शेतकरीही असेच करतात. तो कापलेला भाग त्या दिवशीच्या भाजीत घालावा, म्हणजे घरची मंडळी खूश. भाऊबिजेपासून नोव्हेंबर अखेरपर्यंत, भरपूर उन्हाच्या जागी, एकेक वीत अंतराने कांदे अर्धे-अधिक मातीत बसवावेत. आमच्याकडची काळी कन्हार जमीन पाणी धरून ठेवते, तिच्यात कांदा कुजतो. मोरांड किंवा हलकी सिहार बरी. कन्हारच असेल तर शेणखत आणि वाळू घालून वाफा उंच करावा. पाणी बेताने. एका कांद्यातून चार-पाच दांडेही निघतात. ते पोकळ असतात, वाऱ्याने मोडतात, म्हणून बाजूला एखादी काडी रोवून सैल बांधावे. फुले उमलली की औषध फवारू नये, नाहीतर माश्या मरतील. गेंद वाळून त्यातून काळे बी दिसू लागले की तो काढून ठेवावा. मात्र कांद्याच्या बियांची उगवण वर्षभरातच मंदावते, तेव्हा पुढल्या हंगामातच ते पेरावे. ज्यांना बारमाही काही हवे असेल त्यांनी चपट्या पातीचा लसूण-गवती कांदा लावावा, ज्याला मणिपुरात मरोई नाकुप्पी म्हणतात. त्यालाही पांढऱ्या चांदण्यांचे झुबके येतात आणि आपल्या उन्हाची त्याला फारशी तक्रार नसते. खऱ्या लसणाची वकिली मी करीत नाही; आपल्या सपाटीवर तो सहसा फुलतच नाही, मग त्याच्यासाठी कशाला भांडा!

एवढे केल्यावर फाल्गुनात आपल्या दारापुढे पांढरे गेंद उभे राहतील. रस्त्याने जाणारा थांबेल आणि विचारील, "कुठले हो हे फूल? कुठून मागवले?" तेव्हा 'अ‍ॅलियम' म्हणण्याचा मोह होईल. तो आवरावा. स्वच्छ शब्दांत 'कांदा' म्हणावे. आणि ज्या गुरुजींच्या आणि बाईंच्या हाती शाळेची बाग आहे, त्यांना माझी विनवणी आहे: एखादे मूल पानात गुंडाळून कोंब फुटलेला कांदा घेऊन आले, तर तो पहिल्या ओळीत लावा. तपासणीला कोणी आले आणि त्यांनी विचारले, ही फुलबाग आहे की मंडई, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. सांगा, "मंडईच आहे, साहेब. आमच्याकडे मंडईला पाहुण्यांना आग्रहाने बोलावतात. बसा, आणि फूल बघा."